रिकामी प्लेट आणि कुंपणावरची वेल

३ मार्च
पीएचडीचं सहावं वर्ष. मॅडम म्हणाल्या, मेपर्यंत रिझल्ट नाही तर दुसरा गाइड शोधा. मे कशाला? मार्चमध्येच कॅन्सरचं औषध उरकतो. लॅबच्या कुंपणावरच्या वेलीची पानं तोडली. एवढे शास्त्रज्ञ रोज तिथून जातात. डोळे आहेत, नजर नाही.

९ मार्च
पानं वाटून अल्कोहोलमध्ये भिजवली. अर्क हिरवागार, कडक. अल्कोहोल नंतर उडवायचं असतं म्हणे. वेळखाऊ काम. थोड्याशा अल्कोहोलने कुणाचं काय बिघडतं?

१५ मार्च, सकाळ
अर्क घातलेल्या कॅन्सरच्या पेशी मेल्या! एकूण एक!! मॅडमना दाखवलं. त्यांचं एकच, कंट्रोल कुठाय? म्हणजे औषधाशिवाय नुसतं अल्कोहोल घातलेली प्लेट. ज्यात औषधच नाही ती कशाला बघायची? जेवायला बसून रिकामं ताट चाटण्यातला प्रकार. जळतात, दुसरं काय.

१६ मार्च
दारासाठी 'डॉ.' लिहिलेल्या पाटीची ऑर्डर दिली. बायको म्हणाली, आधी डिग्री तर येऊ दे. बापावर गेलीय. सासरेबुवा दर रविवारी विचारतात, जावईबापू, यंदा तरी?

२२ मार्च
आता अर्काने जनुकांना धोका नाही हे दाखवायचं. त्यासाठी कांद्याची मुळं अर्कात वाढवून क्रोमोसोम तपासतात. ग्लासांवर कांदे बसवले. औपचारिकता.

२७ मार्च
एकालाही मूळ नाही. कांदे कुजले. भाजीवाल्याने फसवलं. जाब विचारला तर म्हणाला, बाकी कुणाची तक्रार नाही साहेब. चोराच्या उलट्या बोंबा.

३ एप्रिल
मॅडमनी समोर उभं राहून सगळं पुन्हा लावायला लावलं. एका प्लेटमध्ये नुसतं अल्कोहोल. दुसरीत, आणि नव्या कांद्यांना, अल्कोहोल उडवलेला अर्क. हातच्या कांकणाला आरसा कशाला! पण बघा म्हणावं.

९ एप्रिल
नुसत्या अल्कोहोलच्या प्लेटमध्ये सगळ्या पेशी मेलेल्या. अर्काच्या प्लेटमध्ये कॅन्सर मजेत, दुपटीने वाढलेला. कांद्यांना पांढरीशुभ्र मुळं, क्रोमोसोम ठणठणीत. पाटीवाल्याचा फोन येऊन गेला, पाटी तयार आहे. उचलला नाही.

मॅडम म्हणाल्या, निष्कर्ष तुमच्याच हाताने लिहा. लाज वाटली. पहिल्यांदाच.

लिहिलं: सदर अर्क पूर्णपणे सुरक्षित आहे. कॅन्सरसाठीसुद्धा.