भाकरीच्या वेळेचा ताप

पिंपळखुटी (ता. मारेगाव)
१२ नोव्हेंबर २००६

प्रिय प्रेरणाताईंस,
वहिनीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

घरातली पहिली ग्रॅज्युएट यवतमाळात नोकरीला लागली आणि वहिनीला विसरली, असं शेजारच्या रुखमाकाकू म्हणतात. मी म्हटलं, विसरू द्या, त्यांच्या लग्नात बघून घेऊ.

वेचणी जोरात आहे. कापूस छपराला टेकला, भाव मात्र जमिनीवरच. माझं वेगळंच चाललंय. सकाळी मी धडधाकट, ओटी भरून वेचते. दिवस कलला की हुडहुडी भरून ताप चढतो, मनगटं-गुडघे ठणकतात, पोटावर, दंडावर गुलाबी पुरळ उठतं. सकाळी सगळं पुसल्यासारखं साफ. मारेगावच्या डॉक्टरांना दुपारी दाखवलं, तर ना ताप, ना पुरळ. शक्तीच्या गोळ्या दिल्या. आई म्हणतात, हा ताप मोठा हुशार, बरोबर भाकरीच्या वेळेले येते. बाया हसतात. आता मलाच वाटतं, मी खरंच ढोंग करून राह्यली काय?

आडवं झालं की छातीत कळ येते, म्हणून पुढे वाकून बसून राहते. हे तुमच्या दादांना सांगू नका.

तुमची,
मोनाली

यवतमाळ
१७ नोव्हेंबर २००६

प्रिय वहिनी,
स. जयभीम.

लग्नाची धमकी पोचली. पुढचं दोनदा वाचलं. दादाला मी कळवलं आहे, खुशाल रागवा. ढोंग केल्यानं अंगावर पुरळ उठत नाही. सकाळच्या एस.टी.नं जाऊन दुपारी परतणारा रोगी डॉक्टरला अर्धाच दिसतो. तुमचा आजार संध्याकाळचा, तो संध्याकाळीच दाखवू. पत्र मिळताच दादाबरोबर निघा. कापूस बोंडात थांबेल, छातीतली कळ थांबणार नाही.

तुमची हट्टी नणंद,
प्रेरणा

यवतमाळ
२७ नोव्हेंबर २००६

ती. अमरदादास,
स. जयभीम.

तू वहिनींना इथल्या दवाखान्यात भरती करून वेचणीला परतलास, त्याच संध्याकाळी पुरळ उठलं. मी धावत डॉक्टरीणबाईंना आणलं, ते पाहून त्यांनी दुखणं ओळखलं. मलेरिया, टायफॉइड तपासात निघाले नव्हतेच. हा मोठ्या माणसांत क्वचित होणारा स्टिल्स नावाचा आजार आहे. तो कोणाला लागत नाही. शरीराची राखण करणारी ताकदच बिनकारण पेटते आणि घरच जाळते. वहिनींचं हृदय आणि त्यावरचं आवरण, दोन्ही सुजलीत. आणखी उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं, असं बाई म्हणाल्या. स्टेरॉइड सुरू झालंय, ताप उतरतोय. गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत. काही महिने वेचणी नाही, पाण्याचे हंडे-गुंड उचलणं नाही.

हे आईला वाचून दाखव, काही न गाळता. माझं एकच मागणं आहे. दिवेलागणीला आईनं एकदा वहिनींच्या कपाळाला हात लावून पाहावा.

तुझी,
प्रेरणा

पिंपळखुटी
२० मे २००७

प्रिय प्रेरणाताईंस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

हृदयाची सूज पूर्ण उतरली. गोळी कमी झाली, हलक्या कामाला परवानगी मिळाली.

तुमचं पत्र तुमच्या दादांनी आईंना काही न गाळता वाचून दाखवलं होतं. मी परतल्यापासून रोज संध्याकाळी पिठाचे हात पदराला पुसून माझं कपाळ पाहतात. चुलीजवळ फिरकू दिलं नाही. रुखमाकाकूंनी टोमणा मारला, सून महाराणी झाली. आई म्हणाल्या, हो झाली, तुले काहून दुखते?

काल कपाळावर हात जरा जास्तच वेळ ठेवला. म्हणाल्या, अंग थंडगार हाये, चाल, आज तूच भाकरी थाप. परातीशी बसले आणि रडूच फुटलं. पहिली भाकरी करपली. आईंनी तीच मागून घेतली.

आमच्यावर अशीच माया असू द्या, आणि हट्टही सोडू नका.

तुमची वहिनी,
मोनाली