एकशे तेवीस मेंढ्या आणि बेकबोलोतचा फळा

काराकोल, १४ जून

चिरंजीव बेकबोलोत यास,

मावशीचे भरपूर आशीर्वाद. (पत्र संपेपर्यंत तेच पुरवून वापर, मध्ये नवीन मिळणार नाहीत.) तुझी प्रकृती कशी आहे? वेळेवर जेवतोस की अजून पाकिटातल्या शेवयांवरच दिवस काढतोस? तुझ्या आईचं, साइराचं, ब्लडप्रेशर आता काय म्हणतं? ती मला फोनवर "बरंय गं" एवढंच सांगते, आणि आमच्या आईचंही शेवटपर्यंत "बरंय गं"च होतं, म्हणून तुला विचारते. माझा गुडघा आता चार मजले चढतो. उतरताना मात्र शिव्या घालतो.

हे मी कागदावर लिहून, जर्दाळूच्या मुरंब्यासोबत टॅक्सीवाल्याच्या हाती पाठवतेय, कारण महत्त्वाची गोष्ट माणसापर्यंत कशी पोचवावी हे तुला दिसावं. डिसेंबरात माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा "मावशी, कंटाळशील" म्हणून तू चालवतोस तो ऑनलाइन खेळाचा सर्व्हर तूच माझ्या कॉम्प्युटरवर चढवून दिलास. थंडी, भूक आणि लांडगे यांतून जगायचं, एवढाच खेळ. मी म्हटलं, यात खेळ कसला? माझं सगळं लहानपण उन्हाळी कुरणावर हेच करण्यात गेलं. पण पस्तीस वर्षं दुधाच्या कारखान्यात दूध तपासायच्या नळ्या हलवून घरी बसलेल्या बाईला पुन्हा मेंढ्या मिळाल्या, रे. दोनाच्या वीस झाल्या, विसाच्या एकशे त्रेचाळीस. सकाळी चहा घेऊन बसायची आणि मोजायची.

गेल्या सोमवारी मोजल्या, तर वीस! एकशे तेवीस मेंढ्या गेल्या, आणि लोकरीचा एक पुंजका नाही की रक्ताचा थेंब नाही. लांडगे इतके टापटिपीचे नसतात. मग चोरच. खेळात ओढ्यापलीकडे उलकान नावाची शेजारीण होती. कधी बोलणं नव्हतं, लांबून मान हलवायचो, एवढंच. शुक्रवारी तिच्याकडे अकरा मेंढ्या होत्या, आता अठरा! (कोकरं व्हायचा मोसम होता हे मला कळायला हवं होतं. माझा जन्म कुरणातल्या तंबूत झालाय. पण संताप आला की माणसाचं शिक्षण पहिलं जातं.) मी सगळ्यांच्या देखत खेळातल्या गप्पांच्या फलकावर लिहिलं, "ओढ्यापलीकडची चोर आहे." मग तिचं कुंपण तोडलं आणि अठराच्या अठरा माझ्या वाड्यात हाकून आणल्या.

बेकबोलोत, अर्ध्या तासात त्या अठराही माझ्या डोळ्यांदेखत नाहीशा झाल्या. धुरासारख्या. माझ्या वीस तशाच रवंथ करत उभ्या.

मी "हे काय" म्हणेपर्यंत मीच तुरुंगात. चार दगडी भिंती, एक गज लावलेली खिडकी, आणि भिंतीवर लिहिलेलं: "कुंपण तोडल्यास एक दिवस कैद. सोमवारपासून लागू." सोमवारीच, म्हणे! तुरुंगात का टाकलं हे तुरुंगाच्या आत लिहिलंस. तुझ्या सगळ्या सूचनांमध्ये योग्य जागी लावलेली ही एकच.

आत खायला काही नाही, आणि तुझ्या खेळात उपाशी माणूस मरतो. भुकेची पट्टी शेवटच्या ठिपक्यावर आली, तेव्हा खिडकीतून एक पाव आत पडला. मग दुसरा. बाहेर उलकान उभी. मी हेडफोन लावला.

"खा आधी," ती म्हणाली. "भांडायला ताकद लागते."

"मी तुमच्या मेंढ्या..."

"मेल्या त्या. मला माहितेय. मी नियमांचा फळा वाचून आले. चौकातल्या घंटेमागे आहे. पुढच्या बाजूला लिहिलंय एका वाड्यात जास्तीत जास्त पन्नास मेंढ्या, त्याखाली तीस, आणि पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून, वीस; वरच्या आपोआप नाहीशा. मी मागे घुसले आणि दोनदा अडकले, ताई."

मला रडूच आलं. म्हटलं, "तुम्ही मला शिव्या तरी द्या."

"देते की. पाव संपू दे."

आणि दिल्या बरं का! कुंपणाबद्दल वेगळ्या आणि "चोर" शब्दाबद्दल वेगळ्या, एकही दोनदा नाही. मग आम्ही कैद संपेपर्यंत बोलत बसलो. जलालाबादला शिवण शिकवायची ती. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. मुलगा रशियात आहे, आणि त्यानेच तिला हा खेळ घालून दिला. म्हणजे कुणीतरी हाक मारेल. सहा महिने तिला कुणी हाक मारली नाही. पहिली मारली ती मी, आणि काय म्हणून, तर चोर! सुटल्यावर मी तिचं कुंपण बांधून दिलं, माझ्यातल्या दहा मेंढ्या तिच्याकडे सोडल्या, आणि फलकावर मोठ्या अक्षरांत माफी मागितली. आता रोज सकाळी आमचा चहा एकत्रच होतो, तिचा तिकडे आणि माझा इकडे.

पण तुला मी सोडणार नाही. घरची मावशी, आणि तिला एक फोन नाही? आपल्यात उगाच नाही म्हणत, बहिणीचा मुलगा येण्यापेक्षा सात लांडगे आलेले परवडले. पुढच्या वेळी नियम बदललास तर तोंडाने सांग.

साइराला माझा गोड पापा.

तुझी,
बातमा मावशी

ता. क. — मेंढ्या परत देऊ नकोस. खरं सांगायचं तर चाळिसाव्यानंतर मला त्या ओळखूच येत नव्हत्या. त्याऐवजी तुला दंड ठोठावलाय. उलकानने उभ्या जन्मात आपलं इस्सिक-कुल सरोवर पाहिलेलं नाही. ती वीस तारखेला बिश्केकच्या बसस्थानकावर उतरेल. तुझ्या गाडीतून तिला काराकोलला आण. रस्ता सहा तासांचा आहे, तेवढ्यात सगळे नियम नीट समजावून सांग.

ता. क. २ — काल फोन साफ करताना तुझा त्या सोमवारच्या आदल्या आठवड्यातला निरोप सापडला: "सोमवारपासून प्रत्येक जागेत सजीवांची मर्यादा वीस. चालेल ना मावशी?" मला वाटलं, आमच्या इमारतीच्या कमिटीचा. खाली मी अंगठा दाखवलाय, आणि लगेच तळमजल्यावरच्या रायसाला तिच्या मांजरांवरून झाडूनही आले होते. उलकानला यातलं काही सांगू नकोस. अठरा मेंढ्यांवर तिने पाणी सोडलं, ते सगळी चूक तुझी आहे असं समजून. तशीच समजूत राहू दे. तू तरुण आहेस, तुला झेपेल.