लग्नाच्या अल्बममधली पांढरी बाई

विश्रामबाग, सांगली
जुलै १९९६

चि. अनंत यास शरयूताईचा आशीर्वाद.

(पत्राच्या वर आशीर्वाद लिहायचा असतो म्हणून लिहिला. मनापासून देण्याइतकी मी अजून शांत झालेले नाही.) तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? गोळी जेवणानंतर घेतोस की अजून चहाबरोबरच गिळतोस? इकडे कृष्णेचं पाणी चढलंय, माझा डावा गुडघा सुजलाय आणि दूधवाला नेहमीप्रमाणे ते दुधात ओतून नदीला मदत करतो आहे. तब्येतीची विचारपूस इथे संपली. यापुढे तुझं प्रेशर वाढेल असंच सगळं आहे, तेव्हा आधी गोळी घे आणि मग वाच.

तुझी लेक सई माझ्याकडे सुखरूप आहे. तू शेजाऱ्यांच्या फोनवर वरचेवर विचारतोस, "तिला वाईला, सासरी, कधी पाठवतेस?" मी दरवेळी "बघू" म्हणून रिसीव्हर ठेवते, कारण मला जे सांगायचं आहे ते लोकांच्या दिवाणखान्यात, त्यांचे पोहे चालू असताना सांगण्यासारखं नाही. म्हणून हे पत्र. यातलं काही तुला माहीत आहे, तरी लिहिते. तुला माहीत आहे ते आणि घडलं ते, यांत बरंच अंतर आहे.

सईचं लग्न वैशाखात साताऱ्याला झालं, छान झालं. (जेवणात मीठ कमी होतं, पण ते मी तेव्हाच आचाऱ्याला सांगितलं.) मग अल्बम आला. त्यात सप्तपदीच्या फोटोत सईच्या मागे एक उंच पांढरी आकृती उभी, आरपार दिसणारी, मुंडकं नसलेली, छातीवर तांबूस डाग. सईच्या सासूबाई, लीलाबाई, यांनी तो फोटो वाईत सगळ्यांना दाखवला आणि ठरवून टाकलं, की ही सईची वारलेली आई. तिचा जीव लेकीत अडकलाय, म्हणून ती पाठोपाठ आली. मग त्यांनी व्हिडिओ कॅसेट बघितली, तर अंतरपाटावर एक प्रकाशाचा गोळा नाचतोय आणि मंगलाष्टकांच्या मधे एका बाईचा आवाज, "नको गं, नको." झालं. सूनबाईला साताऱ्याला आणून सोडलं. तुमच्या घरची बाधा तुम्ही शांत करा, मग मुलगी पाठवा.

इथवर मला लीलाबाईंचा राग आहे, पण तो परका राग आहे. घरचा राग पुढे सुरू होतो. तू काय केलंस, अनंता? तू तो फोटो हातात घेऊन रडलास. मग लिंबं आणलीस, अंगारा आणलास, पोरीला तिन्हीसांजेनंतर अंगणात जायला बंदी केलीस आणि माण तालुक्यातल्या कुठल्याशा देवऋष्याकडे न्यायला जीप ठरवलीस. बँकेत सही जुळली नाही तर चेक परत करणारा माणूस तू. इथे साधी साडी जुळते का, एवढंही बघितलं नाहीस. तुझ्या बायकोने उभ्या जन्मात पांढरं नेसलं होतं का? तिला पांढऱ्या रंगाचा इतका कंटाळा होता, की तिने तुमच्या भिंतीसुद्धा पिस्ता करून घेतल्या.

मी साताऱ्याला आले तेव्हा सई मधल्या खोलीत बसली होती. कपाळावर अंगाऱ्याचा पट्टा, समोर न खाल्लेलं ताट. ती पोरगी बालवाडीत शिकवायची, सबंध वर्ग एका गाण्यावर गप्प करायची. तिने मला विचारलं, "आत्या, आई खरंच माझ्यावर रागावली असेल का?" तू शेजारच्या खोलीत होतास. ऐकलंस आणि उठून आला नाहीस. अनंता, मी मुलींच्या शाळेत आयुष्यभर फिजिक्स शिकवलं, कित्येकींना रडवलं, पण इतका वाईट प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. त्याचं उत्तर देण्यासाठी मी त्या फोटोच्या मागे लागले. तुमचा संसार सुधारायला नव्हे.

पहिल्यांदा जालिंदर फोटोवाल्याकडे गेले. (स्वस्तात मिळतो म्हणून तूच त्याला ठरवला होतास.) त्याच्या दुकानात तो फोटो मोठा करून फ्रेममध्ये लावलेला. मी निगेटिव्ह मागितली, तर हा डोकं खाजवायला लागला. "आवं बाई, कशाला उकरून काडताय? त्यो फोटू निगाल्यापास्नं लय बोलावनी येत्यात. लोक म्हंत्यात, ह्येच्याच कॅमेऱ्यात दिसतं." म्हणजे माझी भाची अंगारा लावून बसलीय आणि याचा धंदा तिच्या आईच्या नावावर चाललाय. मी त्याच्या दुकानातल्या एकमेव खुर्चीवर बसले, जिच्यावर गिऱ्हाईक पासपोर्टच्या फोटोला बसतं, आणि निगेटिव्ह मिळेपर्यंत उठणार नाही म्हटलं. बाहेर गिऱ्हाइकं टाय लावून ताटकळली. शेवटी निगेटिव्ह मिळाली.

भिंग लावून उजेडात धरली, तर पट्टीच्या कडेची भोकं फाटलेली. मी विचारलं, हे काय. तो म्हणाला, "कॅमेरा जुना हाय. भोकं फाटली की एकांद्या वक्ताला फिलम जागची हालत न्हाई. पर खटका वाजतो, तवा वाटतं सरकली म्हून." म्हणजे एकाच जागेवर दोन फोटो. मग सईच्या फोटोआधी त्याने काय काढलं होतं? त्याने बराच वेळ आठवलं. "फ्लॅशचं सेल बदललं हुतं. चालतोय का बगाया म्हून वरच्या खोलीत एक मारला. आंधार हुता, कुनीबी न्हवतं. नुसतं एक धोतर वाळत हुतं." एवढं बोलून तो स्वतःच भिंतीवरच्या फ्रेमकडे बघायला लागला.

धोतर, अनंता. तुझं. सीमांतपूजनाच्या जेवणात तू घाईघाईत कटाची आमटी मांडीवर सांडून घेतलीस आणि धोतर विसळून वरच्या खोलीत दोरीवर टाकलंस. अंधाऱ्या खोलीत फ्लॅश पडला, पांढरं तेवढं फिल्मवर उठलं, काळोख उठला नाही आणि त्याच्यावर सईची सप्तपदी आली. भिंगातून खांद्यांच्या जागी दोन चिमटे दिसतात. छातीवरचा डाग आमटीचा. मुंडकं नाही, कारण धोतराला मुंडकं नसतं. ज्याला तू हात जोडून "अगं, शांत हो" म्हणालास, ते तुझं स्वतःचं धोतर होतं. (हे मी साताऱ्यातच सांगितलं असतं, पण तू जीपवाल्याला भेटायला गेला होतास.)

सईला मी निगेटिव्ह दाखवली. ती हसली नाही. तिने कपाळ धुतलं आणि म्हणाली, "वाईला जाऊ या. कॅसेटही बघू." आम्ही दोघी एस.टी.ने निघालो. तुझ्यासाठी चिठ्ठी ठेवली होती, ती तू "सई सासरी गेली" अशी वाचलीस, हा तुझा चष्म्याचा नंबर किंवा तुझी इच्छा.

वाईला भर दुपारी लीलाबाईंच्या बैठकीत टी.व्ही. लावला. राजसचा मामा आला होता, शेजारच्या दोघीतिघी आल्या होत्या आणि खुद्द जावई राजस खिडकीशी उभा होता. (तो कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, हे लक्षात ठेव. प्रकाश पडल्यावर फिल्मवर काय होतं, हे तो पोरांना शिकवतो आणि त्याचा पगार घेतो.) मी कॅसेट पुढेमागे केली. अंतरपाट एका बाजूने मामाने धरला होता. त्याचा हात अक्षता टाकायला उठला, की गोळा उडी मारतो. हात खाली आला, की गोळा स्थिर. मामाच्या हातात तेव्हा होतं तेच घड्याळ आत्ताही होतं, मोठ्या काचेचं. मी त्याला खिडकीतल्या उन्हात मनगट धरायला लावलं. गोळा भिंतीवरून फिरत फिरत नेमका लीलाबाईंच्या कपाळावर जाऊन बसला. त्या सरकल्या, तर मामाने बिचाऱ्याने हात हलवला आणि गोळा परत त्यांच्यावर. शेजारणी पदर तोंडाला लावून बसल्या.

राहिला आवाज. तो मी पहिल्या फटक्यात ओळखला, कारण तो माझाच. माईकच्या शेजारी मी उभी होते आणि मागून कुणीतरी माझ्या केसांत बळंच गजरा खोचत होतं. "नको गं, नको." त्याच खोलीत मी तो पुन्हा म्हणून दाखवला. सगळ्यांनी ऐकला.

लीलाबाईंनी आधी पदराने कपाळ पुसलं. मग म्हणाल्या, "म्हणजे धोतर तुमच्या भावाचं, आवाज तुमचा. बाधा तुमच्याकडचीच निघाली की." बाईला खरंच बोलता येतं. त्यावर त्यांनी लगेच सईला आत जाऊन चहा टाकायला सांगितलं, म्हणजे प्रकरण मिटलं. वाईट वाटलं, असं कुणी तिला म्हटलं नाही. चूक झाली म्हटलं नाही. दूध फ्रीजमध्ये आहे, एवढं सांगितलं.

सई उठली नाही. तिने राजसला विचारलं, "तुला काय वाटत होतं?"

तो म्हणाला, "मला पहिल्यापासून वाटत होतं, कॅमेऱ्याचाच काहीतरी दोष असणार."

"मग बोलला का नाहीस?"

"आईपुढे कशाला वाद घालायचा? चार दिवसांनी सगळं आपोआप शांत झालंच असतं."

अनंता, मी लीलाबाईंना माफ करीन. त्यांना खरोखर भीती वाटली होती. पण हा मुलगा घाबरलेला नव्हता. सगळं कळत असून त्याने बायकोला तिच्या मेलेल्या आईची बाधा झालेली म्हणून साताऱ्याला सोडू दिलं. मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात सई म्हणाली, "मला भूत चाललं असतं, राजस." आणि पायात चपला घालून बाहेर गेली. मला गुडघ्यामुळे तिच्या मागे धावता आलं नाही, म्हणून मी सावकाश चालत आणि वाटेत सगळ्यांकडे नीट बघत गेले.

तेव्हा ती वाईला जाणार नाही आणि जीप पाठवणार असशील तर साताऱ्यालाही येणार नाही. इथल्या एका बालवाडीत तिने सोमवारपासून जायला सुरुवात केली आहे. जेवते. काल पोरांचं एक गाणं म्हणत कपडे वाळत घालत होती. तुझं पत्र आलं तर तिला देईन, उपदेश असला तर देणार नाही.

तुझी,
शरयूताई

ता. क. : एवढं लिहून तुला शिव्या घातल्या, पण मूळ काम राहिलंच. सईची आई गेल्यावर तू तिचे सगळे फोटो कुठेतरी कपाटात बंद केलेस. पोरीने लहानपणीच ते मागायचं सोडून दिलं. म्हणूनच बापलेक दोघेही एका धोतरात तिला बघायला तयार झालात, हे मला इथे आल्यावर कळलं. एक चांगला फोटो काढ, हसरा असेल तो. पोस्टाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. तिच्या हातात दे आणि सांग, की आई तुझ्यावर रागावलेली नाही, मीच घाबरलो होतो. एवढंच. बाकीचं मी सांभाळीन. तुझ्यासाठी मऊ भात करीन.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून लिहिते आहे. सकाळपासून राजस फाटकाशी उभा आहे. म्हणतो, आईला सगळं स्पष्ट बोलून आलो. मी त्याला आत घेतला नाही. सई बाहेर गेली, बराच वेळ ऐकून घेतलं, मग दोघं कोपऱ्यापर्यंत चालत गेली आहेत. जाताना मला म्हणाली, "आत्या, तांदूळ तिघांचे लाव." मी दोघींचेच लावले आहेत. त्याला सकाळची भाकरी वाढणार आहे. वर तूप घालीन, पण मोजकंच.