गार न लागणारा दरवाजा

मी, वामन तुळशीराम महाजन, वय एकाहत्तर, धंदा गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग, राहणार राजघाटाजवळ, बुऱ्हाणपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीनं आणि स्वतःच्या हातानं लिहितो आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी बायको अलका हिनं तो दोनदा वाचला, तरी तिची खात्री पटलेली नाही.

१. राहतं घर व बँकेतली ठेव अलकाला. तिनं आधी दात बसवून घ्यावेत, माझ्यासारखी टाळाटाळ करू नये. तिच्यानंतर घर मुलगा योगेश व मुलगी रुपाली यांना निम्मं-निम्मं.

२. पांढरी मोटार योगेशला, सोबत माझं लोहचुंबक. बाळा, ते डाव्या दरवाजाला लावून बघ, चिकटणार नाही. रंगाखाली चांगली जाड पुट्टी आहे. "अनटच गाडी आहे, वामन, एकदाही ठोकलेली नाही!" असं सांगून माझा मित्र कडू यानं ती मला विकली. जन्मभर लोकांच्या गाड्यांचे पोचे पुट्टीनं बुजवणारा मी, आणि स्वतः गाडी घेताना चकाकीवर भाळलो! धंद्यात हसं होईल म्हणून बावीस वर्षं अलकालाही बोललो नाही. अलका, आता घे हसून.

३. हे ओळखलं एकट्या रुपालीनं. नऊ वर्षांची होती. दसऱ्याला सकाळी गाडीला हळद-कुंकू लावताना डाव्या दरवाजावर हात ठेवून म्हणाली, "बाबा, इथं गार नाही लागत." पत्रा गार लागतो, जाड पुट्टी तशी लागत नाही. हे कळायला मी उस्तादांच्या तीन वर्षं शिव्या खाल्ल्या होत्या. आणि मी तिला काय म्हणालो? "गप्प बस." पुढं ती गॅरेजात घुटमळली की "हे पोरींचं काम नाही" म्हणून घरी पिटाळायचो. आता ती शाळेत चित्रकला शिकवते. अजूनही रविवारी आली, की दारातल्या गाडीवर हात फिरवल्याशिवाय आत येत नाही. चुकलो मी, पोरी.

४. म्हणून गॅरेज, कॉम्प्रेसर व सगळ्या हातोड्या रुपालीला. योगेशला तिथं मोबाइलचं दुकान टाकायचंय, ठाऊक आहे. पण योगेश, पोचा ठोकून काढायचा कंटाळा करून तू वरून पुट्टी थापतोस. फोपनारच्या केळीवाल्याची पिकअप आठव, पहिल्याच खड्ड्यात खपली पडली होती! रागावू नकोस. "घेतेस का?" असं मी रुपालीला कधी विचारलंच नाही, ते आज विचारतो. ती नको म्हणाली तरच जागा तुझी. रुपाली, मे महिन्यात हार्डनर निम्माच घाल, नाहीतर कालवता कालवता पुट्टीचा दगड होतो.

५. कडूला काही नाही. साक्षीदार मात्र तोच हवा, म्हणजे कलम दोन वाचावं लागेल.

ठिकाण: बुऱ्हाणपूर
तारीख: ९ नोव्हेंबर २०२५
सही: वामन तुळशीराम महाजन

साक्षीदार १: मालती रमेश पाटील, शेजारी.

साक्षीदार २: कडू देवचंद चौधरी. वाचलं. मलाही ती गाडी अनटच म्हणूनच मिळाली होती रे, आईशप्पथ. आत्ता अंगणात जाऊन दरवाजावर तीनदा हात फिरवला. मला काही फरक कळला नाही. गॅरेज पोरीलाच दे.