चिठ्ठ्यांची वही

१२ जून १९७८, सोमवार

आज रुजू झाले. ताडकळसपर्यंत एसटीनं, पुढचे सहा मैल शाळेनं पाठवलेल्या बैलगाडीतून. मी ट्रंकेवर बसले होते. ओढ्याच्या उतारावर ट्रंकेसकट घसरले आणि गाडीवानाच्या पाठीवर जाऊन आदळले. तो बिचारा माझ्यापेक्षा जास्त लाजला. पाथरीहून निघताना आईनं डोळ्यांना पदर लावला होता, मला मात्र सबंध वाट हसूच येत होतं. तेविसाव्या वर्षी स्वतःची नोकरी, स्वतःची खोली, स्वतःचं कुलूप!

मुख्याध्यापक दिनकरराव फाटकापर्यंत सामोरे आले. फार मऊ बोलतात. विज्ञानाला शिक्षिका मिळावी म्हणून दोन वर्षं अर्ज करत होतो, म्हणाले. आठवीचा वर्ग माझा. एकतीस मुलं, त्यात मुली सात. प्रयोगशाळा म्हणजे शेवटची पत्र्याची खोली. दोन टेबलं, एक स्पिरिटचा दिवा आणि सांगाड्याचा तक्ता. कवटीला कुणीतरी मिशा काढल्यात. मी त्या पुसणार नाही.

राहायला सांबप्पा वाण्यांच्या दुकानामागची खोली मिळाली. त्यांच्या बायकोनं, सिद्धम्मांनी, माझ्या गळ्यातलं लिंग पाहिलं आणि लिंगायताची, आपल्यातलीच पोर आली म्हणून सुटकेचा श्वास सोडला. मग समोर बसवून दूध-भाकरी खाऊ घातली. गाव चांगलं आहे.

२० जून, मंगळवार

पाण्याच्या रांजणाच्या झाकणाखाली एक चिठ्ठी सापडली. ‘नामांतरवाल्यांच्या पोरांनी शाळा सोडावी, नाहीतर रॉकेल भरून ठेवलं आहे.’ विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायची मागणी जोरात आहे, तिचे पडसाद इथवर आले म्हणायचे. आमच्या शाळेत बौद्धवाड्यातली बावीस मुलं आहेत. मी चिठ्ठी दिनकररावांकडे नेली. त्यांनी पोरांचा खोडसाळपणा म्हणून ती फाडली आणि मला चहा पाजला.

मला चहा गोड लागला नाही. बी. एड. ला असताना औरंगाबादला आमच्या वर्गातल्या एका मुलाला अशीच चिठ्ठी आली होती. सगळे हसले होते, मीही हसले होते. आठवड्यानं त्या मुलाचा पाय मोडला. तेव्हाच कुणीतरी ती चिठ्ठी जपून ठेवायला हवी होती, कुणाला तरी दाखवायला हवी होती.

२६ जून, सोमवार

आज विज्ञान बाजूला ठेवून एक वेगळाच तास घेतला. चेष्टा, राग आणि धमकी यांत फरक काय? फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. कुणाचं नाव आहे का? जागा सांगितली आहे का? दिवस सांगितला आहे का? तिन्ही असतील तर ती चेष्टा नव्हे. चिठ्ठी सापडली तर फाडायची नाही, मित्रांत फिरवायची नाही, सरळ बाईंकडे आणायची. खात्री नसली तरी आणायची.

बन्सीधर उभा राहिला आणि म्हणाला की त्याचा चुलता रोज सकाळी मुंडकं उडवीन म्हणतो, ते कशात धरायचं? वर्ग हसून हसून लोळला. शेवटी सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घेतलं, सांगणारा चहाडखोर नसतो. पत्रे दणाणले. रुजू झाल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी खरं शिकवल्यासारखं वाटलं.

५ जुलै, बुधवार

नऊ चिठ्ठ्या झाल्या. मी त्यांच्यासाठी एक वही केली आहे. तारीख, कुठे सापडली, कुणी आणली, आणणारा काय म्हणाला. बन्सीधरनं तीन आणल्या, लिंबाजीनं दोन, मनकर्णानं चार.

ही मनकर्णा बौद्धवाड्यातली. वडील आश्रुबा गावकीची कामं सोडून रस्त्यावर खडी फोडतात, म्हणून गावाचा त्यांच्यावर राग आहे. पोरगी चौदा वर्षांची, काटकुळी, पण नजर अशी की माझ्या फळ्यावरची चूकही सुटत नाही. आज तिनं चारही चिठ्ठ्या टेबलावर ओळीनं मांडल्या, बराच वेळ वाकून पाहिलं आणि म्हणाली, “बाई, हे पोराचं अक्षर न्हाई. मोठ्या माणसाचं हाय. लय सरावाचं हाय.”

मी तिची पाठ थोपटली आणि तिचं वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं. दिनकररावांनी वही मागून घेतली. संस्थेच्या अध्यक्षांना दाखवतो म्हणाले.

१० जुलै, सोमवार

अध्यक्ष आबासाहेबांनी घरी बोलावलं होतं. नारळ, खण, बेसनाचा लाडू. अशी बाई गावाला आजवर मिळाली नव्हती, म्हणाले. वही त्यांच्या मांडीवर होती. त्यांनी कौतुकानं विचारलं की अक्षर ओळखणारी ती हुशार पोरगी कोण. मी सांगितलं. अभिमानानं सांगितलं. कुणाची मुलगी, कुठल्या बाकावर बसते, शाळेला कुठल्या वाटेनं येते, सगळं. जे विचारलं नव्हतं तेही सांगितलं.

१७ जुलै, सोमवार

वही परत आली. तीन नावांपुढे पेन्सिलीच्या खुणा आहेत. आबासाहेबांनी लक्ष देऊन वाचली म्हणायची.

चिठ्ठ्या मात्र बदलल्या आहेत. आधी त्यांत नावं नसायची, आता असतात. मला काही कळलं नाही. मनकर्णाला कळलं. मधल्या सुट्टीत ती दाराशी येऊन उभी राहिली. “बाई, ज्यानं चिठ्ठी आणली त्याचंच नाव पुढच्या चिठ्ठीत यायलंय. आता सांगायचं का न्हाई?”

मी म्हणाले, सांगायचं. आता तर सांगायलाच हवं. ती मान डोलावून गेली. तिच्या चेहऱ्यावर भीती होती, पण माझ्या शब्दावर तिचा विश्वास त्याहून मोठा होता.

२२ जुलै, शनिवार

बन्सीधरचा उजवा हात कडबा कापायच्या यंत्रात गेला. चार बोटं गेली. परभणीला नेलं आहे. चुलता म्हणतो, पोराचा हात घसरला.

त्याच्या घरी मी विचारलं, यंत्राशी तो कशाला गेला? शाळेच्या वेळेत? त्याची आई चुलीकडे तोंड करून बसली होती. वळलीच नाही. निघताना चुलत्यानं विचारलं की आता तो लिहील कशानं, आणि माझ्याकडे बघून हसला.

लिंबाजीच्या बापानं त्याला शाळेतून काढून मामाकडे धाडलं. पेन्सिलीच्या तीन खुणा होत्या. दोन झाले.

२८ जुलै, शुक्रवार

काल विधानसभेत नामांतराचा ठराव झाला. सकाळी सांबप्पांच्या रेडिओवर ऐकलं. दुकानात दहाबारा माणसं होती, एकेक करून उठून गेली. दुपारी उत्तरेकडे धूर दिसला. कुठल्या गावचा ते कुणी सांगेना.

आठवीच्या वर्गात बौद्धवाड्यातल्या मुलांपैकी एकटी मनकर्णा आली होती. तिच्या बाकात चिठ्ठी होती. ‘आश्रुबाची पोरगी. शाळेत. सोमवारी.’

तिनं ती माझ्या हातात दिली आणि स्वतःच बोटांवर मोजलं. नाव, जागा, दिवस. “तिन्ही हायेत, बाई.” गणिताचं उत्तर सांगावं तसं म्हणाली.

२९ जुलै, शनिवार

पहाटे चालत ताडकळस गाठलं. चौकीला कुलूप. सगळे शिपाई परभणीला बंदोबस्ताला गेलेत, असं समोरचा पानवाला म्हणाला. तशीच परत आले.

शाळा सुटल्यावर दिनकररावांपुढे चिठ्ठी ठेवली. ते माझ्या बदलीची शिफारस लिहीत बसले होते. मी न मागता. मी त्या कागदाकडे पाहिलं, मग चिठ्ठीकडे. त्यांनी मला पाहताना पाहिलं. पेनाला टोपण लावलं, चहा सांगितला.

“अक्षर माझंच आहे, बाई. आबासाहेबांचं अक्षर वाचवत नाही कुणाला.”

मग त्याच मऊ आवाजात समजावलं. इतकी वर्षं शाळा चालवली. पोरं घाबरतात, गप्प बसतात, घाबरून निघूनही जातात. पण गप्प न बसणारी कोण, हे आजवर कधी कळायचं नाही. तुमच्या वहीमुळे ते कळलं, म्हणाले. तुमचे आभारच मानायला हवेत.

मी चहा प्यायले. का प्यायले? पूर्ण कप प्यायले.

वही त्यांनी माझ्या हातून घेतली आणि कपाटात ठेवून कुलूप घातलं.

३० जुलै, रविवार

सकाळीच बौद्धवाड्यात गेले. आश्रुबांना सगळं सांगितलं. ते एक शब्दही मला लावून बोलले नाहीत. त्यांनी तासाभरात बोचकी बांधली, बायको आणि पोरीला घेऊन ओढ्यापलीकडे मेव्हण्याच्या गावी गेले. मनकर्णानं जाताना मला हात केला. सुटली पोरगी.

जेवताना सिद्धम्मांनी भातावर तुपाची जास्तीची धार सोडली. म्हणाल्या, “उद्या घरीच ऱ्हावा. आपल्याला काय करायचंय?”

मी त्यांना सोमवारचं काही सांगितलं नव्हतं.

सगळ्यांना माहीत आहे. दुकानातल्यांना, पाणवठ्यावरच्या बायांना. सबंध गावाला वार माहीत आहे.

३१ जुलै, सोमवार

दहा वाजून गेले असावेत. प्रयोगशाळेत आहे. आतून कडी लावली आहे. ही रोजनिशी पिशवीत होती म्हणून लिहिते आहे. कुणाला तरी सापडावी.

वही घ्यायला आले होते. वही घेऊन परभणीला जायचं, कलेक्टरांपुढे टाकायची. शाळा रिकामी होती. एकही पोर नाही. तरी घंटा झाली.

कपाट उघडेना म्हणून कुलूप तोडायला लोखंडी पट्टी शोधत इथं आले, आणि मागच्या दारातून मनकर्णा आत आली. ओली, पायाला चिखल. बापाला न सांगता ओढा उतरून आली. हातात चिठ्ठी. शनिवारी मुख्याध्यापकांनी वह्या तपासून परत दिल्या, तिच्या वहीत घातलेली. तिला काल संध्याकाळी दिसली.

‘सोमवारी बाईलाही.’

“तुमचं नाव आलंय, बाई. तुमी सांगितलं हुतं ना, सांगायचं म्हणून.”

तिला इशारा द्यायला नव्हती ती चिठ्ठी. तिला आज शाळेत आणायला होती. त्यांना ठाऊक होतं ती आणून देणार. मी तशीच शिकवली होती तिला.

मागचं दार — बाहेरून कुणीतरी कडी घातली.

पुष्कळ माणसं आहेत. ओरडत नाहीत. ओरडले असते तर बरं होतं. चपलांचा आवाज. डबा ठेवल्याचा आवाज. रॉकेलचा वास.

आवाज ओळखते तेवढे लिहिते. दिनकरराव. बन्सीधरचा चुलता. सांबप्पा — सांबप्पा, ज्यांच्या घरी मी —

दारापाशी दिनकरराव आहेत. हजेरी घेताना बोलतात तसे. तुम्ही आपल्या आहात, बाई. तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही, सिद्धम्मा जेवायला थांबल्यात. कडी काढा, तुम्ही बाहेर या. पोरीला तिथंच राहू द्या. नाहीतर दोघी.

चिठ्ठीत माझं नाव होतं, ते खोटं होतं. माझं नाव कधीच नव्हतं.

मनकर्णा टेबलाखाली बसली आहे. रडत नाही. मला विचारते, आता कुणाला सांगायचं, बाई?

पत्र्यावर काहीतरी ओततायत. भिंतीवरून आत —

खिडकीला गज आहेत. मी दोनदा पाहिले. तिसऱ्यांदाही पाहिले.

मी तेवीस वर्षांची आहे. आई पाथरीला —

परत हाक. शेवटची म्हणाले.

माझा डावा हात कडीवर आहे. मी ठेवला नाही. तो तिथं आहे.

ती बघते आहे. तिला कळलं आहे, तिला सगळं आधी कळतं. ती म्हणते, जा बाई. मी म्हणाले, नाही गं, मी कुठं जाते, तू फक्त डोळे मीट आणि शंभरापर्यंत मोज, मी इथंच —

तिनं मिटले. मोजते आहे. सात. आठ. नऊ. मी