मथुराच्या शेजारी

५ जून १९९८
आज हुबळीला आले. मालक गेल्यावर गावात भिंतींशीच बोलत होते, म्हणून वन्संनी केशवापूरला आपल्या घरी आणलं. भाग्यलक्ष्मी वन्सं, मालकांची थोरली बहीण. मला माडीवरची खोली दिली. गादी इतकी मऊ, म्हटलं यात मी हरवले तर शोधायला माणूस ठेवा! भिंतीवर एका बाईचा हार घातलेला फोटो हाय, तोंड लाडवासारखं गोल. वन्संची जाऊ, मथुरा. याच खोलीत राहायची. मी तिला लाडूबाई नाव ठेवलं. वन्सं हसल्या न्हाईत.

१२ जून
गुडघे दुखतात म्हटलं, तर जुन्या हुबळीतले झाडपाल्याचं औषध देणारे जयतीर्थ अण्णा कसल्या मुळ्या देऊन गेले. मथुरालापण ह्याच दिल्या होत्या म्हणे. वन्सं स्वतः काढा उकळतात आणि कानडीत 'कुडी, कुडी', पी, पी, करत पेला रिकामा होईस्तवर समोर बसतात. लई कडू! म्हटलं, वन्सं, भावजयीवर एवढा राग? पण गुडघा हलका झाला, खोटं कशाला बोलू.

२० जुलै
अंग भरलं म्हणतात सगळ्या. वन्सं शेजारणींना बोलावून माझे गाल दाखवतात, बघा, आमच्या घरी कशी सुधारली. आले तेव्हा काडी होते. पण जेवण जात न्हाई, मळमळतं. मग भरतंय ते कशानं?

३ ऑगस्ट
लघवी होतच न्हाई म्हटलं तरी चालेल. झाली तर नुसता फेस. पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच. डॉक्टरकडं जाऊ म्हटलं तर वन्सं रडल्या, अण्णांना काय वाटेल म्हणाल्या. अण्णा म्हणतात विष बाहेर पडतंय, काढा वाढवा.

९ ऑगस्ट
शेजारणीच्या फोनवरनं निरोप धाडला, धाकटा भाऊ तुकाराम आला. मला बघून खूश. म्हणतो, अक्का, एवढं बाळसं तुला लग्नातपण नव्हतं! मला घेऊन चल, हितं मरीन मी, म्हटलं. तो पोट धरून हसला. जन्मभर थट्टाच केली मी, आता खरं कोण धरणार. संध्याकाळच्या गाडीनं गेला. वन्संनी डबा बांधून दिला.

ऑगस्ट
तारीख आठवत न्हाई. पाटल्या रुतल्यात. जिना उतरवत न्हाई. दम — वन्सं वाईट न्हाईत, जीव लावतात, म्हणून तर — काढा आता दोन्ही वेळा —

आरशात लाडूबाई.

फोटोवाला येणार. इतकी छान कधी दिसली न्हाईस, वन्सं म्हणतात. मथुराच्या शेजारी खिळा ठोकून झाला. जिन्यावर पावलं — पेला —