बाबांच्या मांडीवर चपला

कारंजा, मंगळवार, संध्याकाळ

दोन दिवस हे लिहायचं टाळून राह्यलो. रविवारी आमच्या गावाहून, मेडशीहून, आईबाबाले नागपूरजवळच्या पार्कात नेलं. आई आकाशपाळण्यात बसून पोरीसारखी खिदळली. बाबा दिवसभर बाकावर, पाळण्यात बसताना काढलेल्या आमच्या चपला मांडीवर घेऊन.

मी बोलावलं तर म्हणाले, "जमिनीवरच डोकं गरगरते, वर कायले जाऊ?"

मी लोकांसमोर बोललो, "तुमाले मजा करताच येत नाही." त्यांनी वाकून आमच्या चपला एकेक करून पायाशी मांडल्या.

आईले आवडलं, बाबाले काहून नाही? का त्यांना राखणच आवडते? मी तर कुठल्याच कामात टिकत नाही... जाऊ दे. पण त्या चपला काही डोळ्यांपुढून हलत नाहीत.

खालून घरमालकीण काकू ओरडल्या, "तुझे बाबा आले रे, एकटेच." ते माझ्या खोलीवर कधीच आले नव्हते. खाली जातो; आज त्यांच्या चपला मी सांभाळतो.